मांडवीसमोरचा खांब

२००६ साली मांडवीसमोर समुद्रात पवनचक्कीच्या चाचणीसाठी एक लोखंडी खांब उभारला होता. हलवल्यावर तो किती लवकर शांत होतो, हे मोजायला ईशा नावाची तरुण इंजिनीयर आली होती. तिला होडीतून नेणारा मी, गनी.

वरच्या मचाणावर उभी राहून ती झोपाळ्यासारखा झोका देत खांब हलवायची, मग थांबून यंत्रावर हेलकावे मोजायची. पहिल्या दिवशी खांब सहा हेलकाव्यांत थांबला. "चाचा, हिशेबापेक्षा कितीतरी चांगला!" म्हणत तिने मला डब्यातला लाडू दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच खांबाने पंचवीस हेलकावे घेतले. तिने तारा तपासल्या, यंत्र उघडलं, शेवटी मला हात हलवून बोलावलं.

"काल तुम्ही काय करत होतात?"

"होडीत झोपलो होतो."

"होडी कुठे होती?"

हा काय प्रश्न झाला? भर समुद्रात आयता खांब असताना माणूस होडी दुसरीकडे कशाला बांधेल?

"या खांबालाच, चांगली ताणून. आज गळ टाकायला लांब गेलो, म्हणून सोडली."

ईशाने कपाळावर हात मारला आणि खांब हलेपर्यंत हसली. "म्हणजे काल खांब तुमच्या होडीने आवरला! मग प्रत्येक पवनचक्कीला एक होडी बांधायची का?"

"बांध की, बाय. पण आत झोपायला माणूसही ठेवावा लागेल. मी उद्यापासून मोकळाच आहे."