तोंडात धरून आणलेला शब्द

संध्याकाळी माझ्या पुढच्या खोलीत काही मुलं भाषा शिकायला येतात; मला ती आजोबा म्हणतात. माझी रीत साधी आहे. मी एक शब्द देतो. तो खरोखर कुणी वापरलेला ऐकायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं तोंडात धरून आणायचं. मनानं रचायचं नाही, लिहायचंही नाही. मुलं याला 'शब्द पकडणं' म्हणतात.

त्या दिवशी मी 'आठवण' हा शब्द दिला होता. मला तो सोपा वाटला होता.

आमच्यातला एक मुलगा अखंड बोलतो, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. तोच आधी उठला. "छत्री दुकानात राहिली होती. दुकानदारानं हाक मारली तेव्हा बाबा म्हणाले, 'बरी आठवण केलीत!'"

"छान पकडलंस," मी म्हणालो. "म्हणजे आठवण दुसऱ्याकडूनही मिळते."

मग मुंगी उठली. लहानखुरी आणि सदा कामात, म्हणून मुंगी. वेणी मात्र कमरेखाली, मनगटाएवढी जाड. ती तान्ही असतानाच तिची आई गेली. वडील परगावी नोकरीला. ती आईच्या आईजवळ, रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहते.

"मी तीन आणलीत," ती म्हणाली आणि डोळे मिटून आजीच्याच सुरात बोलू लागली. "'अशी बसलीस ना, की हुबेहूब तिची आठवण येते.' 'तो हिरवा स्वेटर घाल, तिची आठवण आहे ती.' 'केस कापायचं नाव काढू नकोस, तेवढीच आठवण उरलीय मला.'"

"सगळी आजीचीच?"

"आमच्याकडे दुसरं बोलतं कोण?"

रेडिओ हसला. "मग तू कोण गं? मुंगी की आठवण?"

मुंगी हसली नाही. "तेच विचारायचं होतं मला, आजोबा. शनिवारी तलावावर पोहण्याच्या वर्गासाठी चाचणी आहे. टोपीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. वेणी टोपीत मावत नाही. आई कधी पोहली नव्हती. मग मी पोहायचं की नाही?"

तिची खोली मी एकदा पाहिली होती. आईचा पलंग, आईचं टेबल. खिडकीच्या दोन्ही दारांवर मिळून आईनं लहानपणी फुलपाखरांची चित्रं चिकटवलेली. दार उघडलं तर ती मधोमध फाटतील, म्हणून खिडकी कधी उघडतच नाहीत. मुंगी त्या कोंदट खोलीत झोपते.

तेवढ्यात आजी तिला न्यायला आली. "काय सर, आज काय शिकवलंत आमच्या बाईसाहेबांना?"

"बसा जरा. आज तुम्हीही एक वाक्य द्यायचं. मुंगीची एखादी आठवण सांगा."

"एक काय, शंभर सांगते! पहिले बूट आणले तर झोपेतसुद्धा काढू देईना."

"ती आई," मुंगी हळूच म्हणाली.

"अगं हो. बरं, ते पडद्याचं. कात्रीनं पडदा कापून बाहुलीला झगा—"

"तीपण आईच, आजी."

आजी हसली. मग विचार करू लागली. रेडिओसुद्धा बंद पडला. आजीची नजर मुंगीच्या चेहऱ्यावर फिरत होती, हरवलेली वस्तू शोधावी तशी.

"चल, उशीर होतोय," ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. रस्ता ओलांडताना ती मुंगीचा हात धरत नाही, वेणी धरते. त्या दिवशीही वेणी मुठीत धरूनच घेऊन गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. मी जास्त बोललो का, असं वाटत राहिलं.

सोमवारी मुंगी आली ती मानेपर्यंतच्या केसांत. तेही एका बाजूला तिरपे.

"कुणी कुरतडले?" रेडिओ ओरडला.

"आजीनं! आपणहून आली बघायला. माझी टोपी दोनदा उडाली. पोहायच्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी या. मग आजीनं त्यांच्याकडे कात्री मागितली. मलमपट्टीच्या डब्यातली, एवढीशी! किती वेळ लागला! सगळे थांबले होते."

"आणि चाचणी?"

"शेवटून दुसरी आले. पण घेतलं मला." मग ती सरळ उभी राहिली. "मी वाक्यही आणलंय. आजी पोहायच्या बाईंना म्हणाली, 'हिची वेणी किती जड होती, हाताला अजून आठवण आहे.'"

"ही आठवण कुणाची?"

"माझी," मुंगी म्हणाली आणि घाईघाईनं खाली बसली.

खिडकी अजून बंदच आहे, असं ती सांगते. वेणीही आईच्या कपाटात गेली, हिरव्या स्वेटरशेजारी. वर्ग सुटल्यावर आजी न्यायला आली. दारातून बाहेर पडताना तिचा हात सवयीनं मुंगीच्या पाठीकडे गेला, हवेत चाचपडला, आणि शेवटी त्यानं फ्रॉकची कॉलर पकडली.

"आजी, गळा!"

मुंगीनं कॉलर सोडवून घेतली आणि रस्ता यायच्या आधी आपला हात पुढे केला.