निम्म्या शिडीवर

"अरे चढ ना, रंग वाळतोय!" खालून जोडीदार ओरडला.

रंगारी शिडीच्या मधोमध थिजला होता. मांड्या आपल्या नव्हेतच जणू. वर जाववेना, खाली उतरवेना.

"जरा खांदा दे."

"इतक्यात? अजून जिवंत आहेस की!" जोडीदार हसला आणि वर चढून त्याने त्याला धरून उतरवलं. "वय झालं गड्या तुझं."

रंगाऱ्यालाही तसंच वाटत होतं. अंग बरेच दिवस ठणकत होतं, पण राबणाऱ्याचं अंग दुखायचंच, त्याचं काय कौतुक?

थोरला भाऊ जेवता जेवता छातीत कळ येऊन गेला, तेव्हापासून रंगारी कोलेस्टेरॉलची गोळी इमानेइतबारे घेत होता. मध्यंतरी खोकला हटेना, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. तेही त्याने नेमाने घेतलं.

संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. बायकोला सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने गॅस बंद केला. "उठा."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या अँटिबायोटिकमुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साठत गेली. स्नायू झिजतायत, त्याचा भार मूत्रपिंडावर आलाय. गोळी चालू आहे हे त्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"खोकल्यासाठी गेलो होतो बाई. काळजाचं कशाला काढू?"

सलाइनवर सलाइन चढल्या. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली.

घरी सोडायच्या दिवशी बायको म्हणाली, "ती गोळी मी गटारात फेकणार."

"आणि दादासारखा गेलो तर?"

तिने डॉक्टरीणबाईंचं दार ठोठावलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "सध्या बंदच. रक्त तपासू, मग दुसरी, कमी ताकदीची बघू. मनाने सुरू करायची नाही, पुढेही मनाने बंद करायची नाही. अंग दुखलं की लगेच सांगायचं. आणि कुणाहीकडे गेलात तरी आधी आपली औषधं सांगायची."

रक्ततपासणीच्या सकाळी तो आरशासमोर उभा राहिला. हात खांद्याच्या वर जाईना. उभ्या जन्मात त्याने भिंतींच्या भिंती रंगवल्या होत्या, आणि आता कंगवा कानापाशीच अडला.

बायकोने कंगवा घेतला, त्याला खुर्चीवर बसवलं आणि केस विंचरले. भांग भलत्याच बाजूला पडला.

"झालं?" तिने विचारलं.

"छान झालं," तो म्हणाला, आणि भांग तसाच ठेवून निघाला.