पाने-पकड देवापुढं, गाडी घाटात

पानशेत फुटायच्या आदल्या सालची गोष्ट. खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या दारात झेंडूचा डोंगर उभा होता आणि त्याच्या शेजारी माझा धाकटा दीर कुशाबा नवा कोरा भगवा फेटा बांधून माझ्या लेकाचा, बाजीचा, न्याय करत होता.

"वैनी, ऐकून ठेवा," कुशाबा म्हणाला. "आज वाटंत मिस्त्री बोलवायची पाळी आली, तर ष्टेरिंग बाजीच्या हातात ऱ्हाणार न्हाई. मी पगारी डायवर आणतो. बाजीनं नांगर धरावा."

"आन् मिस्त्री लागला न्हाई तर?"

"तर पुन्यांदा मी तोंड उघडणार न्हाई."

"बगा हं भावजी. तोंड मिटून जगायचं म्हंजे तुमचा जीव जायचा."

बाजी चाकाला कुंकू लावत होता. तो खाली मान घालून हसला, पण मला त्याचे कान लाल झालेले दिसले. चालवायला बसला की हा पोरगा राजा असतो. नांगरामागं मी त्याला पाहिलाय. बैलापेक्षा तोच जास्त कंटाळतो.

गाडी म्हणजे लढाईतला जुना ट्रक. माझ्या मालकांनी आणि कुशाबानं मिळून लिलावात घेतलेली. मालक गेले, गाडी राहिली. ती चालवायची कुणी हे ठरलं, पण बिघडली तर हात कुणी लावायचा, यावर आमच्या घरात चार वर्षं भांडण चाललं होतं. कुशाबाचं म्हणणं, चालवणाऱ्यानं चालवावं, मिस्त्रीनं उघडावं. त्याला कारणही होतं. एका पावसाळ्यात बाजीनं पौडापाशी इंजन उघडलं, एक स्क्रू चिखलात गेला आणि मिस्त्री येईपर्यंत भाताची पोती भिजून त्यांना मोड आले. तेव्हापासून कुशाबाच्या तोंडी एकच नाव, शेजारच्या गावच्या नथूचा डायवर. खाकी कपडे घालतो, हाताला काळं लागू देत नाही.

मी म्हणायची, चुलीपुढं बसलेल्या बाईनं जाळ विझला तर फुंकायचं नाही? फुंकायला शेजारीण बोलवायची? पण आमच्या घरात बायकांच्या शहाणपणाला मीठ घालून लोणच्यात ठेवतात.

असो. त्या दिवशी गाडीत सगळ्या गावाचा झेंडू होता. नवमीला मंडईत पोचला तर सोनं, दसऱ्याची संध्याकाळ उलटली की शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. आडत्याशी भांडायला मी पाहिजेच, म्हणून मी पुढं बसले. माझ्या शेजारी कुशाबा बसला, बाजीवर नजर ठेवायला. नारळ फुटला, पोरं ओरडली, गाडी निघाली.

पिरंगुटपर्यंत काय धावली म्हणता! वारा असा, की मागचा झेंडू उडून आमच्या मांडीवर पडत होता. मला तर वाटलं गावाला ओरडून सांगावं, बघा माझा लेक. तेवढ्यात घाट लागला. अर्ध्या चढावर पुढून सूं-सूं असा आवाज आला आणि गाडीच्या नाकातून पांढरी वाफ निघाली. बाजीनं गाडी कडेला घेतली. मी उडी मारली आणि चाकामागं दगड लावला. कुशाबा आत बसूनच म्हणाला, "झालं!"

त्या 'झालं'मध्ये दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. मी ते ओळखलं.

बाजीनं पुढचं झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, वाकून पाहिलं आणि हसतच वर आला. "आये, पाण्याची रबरी नळी फाटलीय. टोकालाच फाटलीय. तेवढं कापून टाकतो, उरलेली वढून बसवतो. एक पाना लागंल, बास."

त्यानं बैठकीखालची पेटी ओढली. पेटीत पाने नव्हते. पकड नव्हती. रिकाम्या गोणपाटावर झेंडूचं एक फूल होतं.

आम्ही दोघांनी एकदमच कुशाबाकडं पाहिलं.

"खंडेनवमी हाय," कुशाबा म्हणाला. "विळा, कोयता, फाळ, समदं देवापुढं मांडलं. ही बी हत्यारंच. पेटी मोकळी नगं म्हणून फूल ठेवलं."

"सांगायचं तरी!"

"म्हटलं, मिस्त्रीचं काम मिस्त्री करंल. बाजीला कशाला लागत्यात?"

"मग आणा तुमचा मिस्त्री," मी म्हणाले. "जा, पळा. फेटा सावरत पळा."

बाजी बोनेटला टेकून शांतपणे म्हणाला, "तात्या, पुण्यातल्या मिस्त्रीचे पाने पण आज देवापुढंच असतील. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर तो हात लावायचा न्हाई."

इतक्या वर्षांत कुशाबाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. खाली उतरून तो दगडावर बसला.

तेवढ्यात खालून भोंगा वाजला. नथूची गाडी! तीही झेंडूनं भरलेली. नथू खिडकीतून डोकावला. "काय तानूबाई, घाटातच दुकान मांडलं व्हय?"

"मांडलं की. तू पयलं गिऱ्हाईक. एक पाना दे."

"आज? हत्यारं देवापुढं, बाई. आन् आमच्या डायवरला पाना काय करायचा? त्याला मी सांगूनच ठेवलंय, हात काळं करायचं न्हाईत." खाकी डायवर समोर बघत बसला होता, जसं काही फोटो काढणार आहेत. भोंगा वाजवत गाडी वर गेली आणि आमच्या तोंडावर धूळ बसली.

माझं रक्त उकळलं, रेडिएटर काय उकळेल! "बाजी," मी ओरडले, "हातानं काय होतंय ते बघ! नुसतं बघत ऱ्हाऊ नगंस!"

पण बाजी बघतच होता. कुशाबाच्या डोक्याकडं.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "फेटा द्या."

कुशाबानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ह्यो दसऱ्याचा फेटा हाय! उद्या शिलंगणाला बांधायचा हाय!"

"उद्याचं शिलंगण उद्या," मी म्हणाले. "आज गाडीला घाट वलांडायचाय. काढा."

"वैनी, चारचौघांत बोडका फिरू का मी?"

"मंडईत झेंडू न्हाई पोचला तर गावात बोडकं बी फिरता येणार न्हाई. लोक डोकंच ठिवणार न्हाईत."

कुशाबानं फेटा सोडला. खरं सांगते, तेव्हा मला त्याची कीव आली. फेट्याखाली त्याचं डोकं केवढंसं होतं! बाजीनं लांबच लांब पट्टी फाडली, झेंडूवर शिंपडायला आणलेल्या घागरीत भिजवली आणि नळीवर पिळा देत आवळत गेला. थरावर थर. त्यावर हाराची सुतळी.

"सरक," मी म्हणाले. "ही गाठ तुला यायची न्हाई." लाकडाचा भारा बांधायची गाठ असते, ओढ बसेल तशी आवळत जाते. मी पाय लावून ओढली. नळी वाकली, पण गाठ हलली नाही.

बाजीनं पाणी ओतलं आणि रेडिएटरचं टोपण अर्धंच फिरवलं. "सैल ठिवतो. वाफंला वाट मिळाली की नळीवर जोर येत न्हाई."

"हे तुला कुणी शिकवलं?" कुशाबानं विचारलं.

"तो स्क्रू हरवला ना तात्या, तवा मिस्त्री काम करत व्हता. मी त्याच्या शेजारी बसून व्हतो."

गाडी सुरू झाली! फेट्यातून एक थेंब गळला, दोन गळले, पण धार लागली नाही. मी "चांगभलं!" म्हणून अशी ओरडले की खालच्या रानातली मेंढरं उधळली. आम्ही घाट चढलो. उतारावर बाजीनं इंजन गार होऊ दिलं. भूगावच्या तळ्यापाशी गाडी थांबली न थांबली तोच कुशाबा घागर घेऊन उतरला आणि बोडक्या डोक्यानं पळत सुटला. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. बावधनच्या चढाला वाफ परत दिसली तेव्हा तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडत होता, "बाजी, हळू! आवाज बदलला रं तिचा! थांब, पाणी पाजू तिला!"

सकाळी न्याय करणारा हाच का तो, म्हणून मी दोनदा वळून पाहिलं.

मंडईत पोचलो तर नथूची गाडी रिकामी झालेली. चांगली जागा त्यानंच घेतली होती. पण गिऱ्हाईक कुठं संपतंय नवमीला! आमच्या गाडीची फळी पाडली आणि लोकांनी झडप घातली. आडत्यानं कुरकुर केली तेव्हा मी त्याला असं धुतलं, की शेजारचा आडत्या आपणहून दर वाढवून बोलू लागला.

गर्दीतून नथू आला, मागं त्याचा खाकी डायवर. नथूनं कुशाबाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुशाबा, फेटा कुटं गेला रं?"

मला वाटलं, आता हा लाजेनं झेंडूत लपतो.

कुशाबानं बोडकं डोकं ताठ केलं. "गाडीनं बांधलाय," तो म्हणाला. "आज मान तिचा हाय. आन् आमच्या बाजीचा. आमचा डायवर हात काळं करतो, नथू, म्हणून आमी हितं पोचलो. तुझी घाटात बंद पडली असती तर तुझ्या खाकीवाल्यानं काय क्येलं असतं, विचार त्याला."

बाजीनं मात्र खाकीवाल्याला जवळ बोलावलं आणि झाकण उघडून नळी दाखवली. दोघं कितीतरी वेळ आत डोकी घालून होते.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर कुशाबानं देवापुढचे पाने आणि पकड उचलली, आपट्याच्या पानांसकट बाजीच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे सोनं. पर इंजनाचं पोट उघडलंस तर मी आरडणार."

"न्हाई तात्या. वाटंवरचं माझं, पोटातलं मिस्त्रीचं."

हे दोघांनी मिळून ठरवलं, मला विचारलं नाही. पण मी गप्प बसले, कारण मला ते पटलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडं खंडेनवमीला पाने-पकड देवघरात जात नाहीत. कुशाबा कुंकवाची वाटी घेऊन गाडीत चढतो आणि पेटी उघडून तिथल्या तिथं पूजा करतो. पेटीत त्या भगव्या फेट्याची उरलेली पट्टीही घडी घालून ठेवलेली असते. तिलाही तो कुंकू लावतो.