मास्तर आणि मामांचा अबोला

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंगमास्तर आणि इस्त्रीवाले मामा यांची जोडी जुनी. डबे एकत्र उघडायचे, सुख-दुःख एकमेकांच्या कानावर घालायचे. निवडणूक जवळ आली आणि दोघे दोन पक्षांचे निघाले. आधी थट्टा, मग टोमणे. एके दिवशी सगळ्यांदेखत मामा मास्तरांना "विकला गेलेला माणूस" म्हणाले. शिलाईच्या बायकांमध्येही दोन तट पडले, मशिनं थांबली.

सुपरवायझरबाईंनी फर्मान काढलं, "आजपासून इथे राजकारण बंद. बोलायचंच असेल तर गेटबाहेर."

सगळ्यांनी निमूट ऐकलं. घरी बाई नवऱ्याला जरा तोऱ्यातच म्हणाल्या, "एका वाक्यात मिटवलं."

पण राजकारणाबरोबर बाकीचं बोलणंही आटलं. मास्तर खिडकीपाशी एकटे जेवायचे, मामा जिन्यात.

त्यातच निळ्या कापडाचे तागे आले. त्यातला एक किंचित गडद होता. मास्तरांची नजर अलीकडे अधू झाली होती आणि असा फरक मामाच हळूच दाखवून द्यायचे. या वेळी ते गप्प राहिले. शर्ट शिवून इस्त्रीला आले तेव्हा अंग एका निळ्याचं, बाह्या दुसऱ्याच्या.

बाईंनी दोघांना बोलावलं.

"मामा, तुम्हाला आधी दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं आणि काय नाही, तेच कळेनासं झालंय, बाई."

बाईंना मामांचा राग आला, पण स्वतःचा जास्त. तोंडं बंद करताना नेमकं कोणाला काय लागलंय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ते त्यांनी आत्ता विचारलं.

मास्तर म्हणाले, "मत त्यानं कुणालाही द्यावं. पण मला विकला गेलेला म्हणाला. यानं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो."

"तो शब्द जायला नको होता," मामा एवढंच बोलले.

बाह्या उसवून, रंग जुळवून पुन्हा लावाव्या लागल्या. बाईंनी फर्मान मागे घेतलं. मशिनं चालू असताना वाद नको आणि माणसावर घसरायचं नाही, एवढंच बजावलं. दोघे पुन्हा एका टेबलावर बसू लागले. निवडणूक झाली, मामांचा पक्ष हरला, मास्तरांनी विषय काढला नाही. थट्टा मात्र पूर्वीसारखी परतली नाही. काही दिवस बाई कान देऊन वाट बघत राहिल्या. मग त्यांनी तो नाद सोडला.