किल्लीच्या डोक्यातली सूज

किल्ली सोमवारी सकाळी टेबलाभोवती डावीकडे फिरायला लागली आणि दुपार झाली तरी थांबेना.

किल्ली म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीची कुत्री. पांढरी, सहा किलोची. जातिवंत असल्याचा दावा कुणीच कधी केलेला नाही. मेव्हणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई बासष्टच्या आहेत आणि घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलेलं असताना त्या जगाकडे बघतात, तेव्हा जगालाच आपण दोन मिनिटं मागे असल्यासारखं वाटतं.

बुधवारी किल्ली ताटलीतलं डावीकडचं अन्न खाऊन उजवीकडचं तसंच ठेवू लागली. गुरुवारी ती भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. शुक्रवारी इमारतीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात आले.

"ताई, कुत्री पिसाळलीय. चौदा सह्या आहेत माझ्याकडे."

"पिसाळलेली चावते. ही भिंतीशी बोलतेय," ताई म्हणाल्या. "भाऊजी, गाडी काढा."

मला कुत्र्यांची भीती वाटते. ताईंची जास्त वाटते. मी गाडी काढली.

जनावरांच्या दवाखान्यात मेंदूचे आजार बघणाऱ्या डॉक्टर वेगळ्या होत्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी लसींचं कार्ड तपासलं. मग किल्लीचा उजवा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. धडधाकट कुत्र्याने तो लगेच सरळ करायचा असतो. किल्लीने तसाच राहू दिला, जणू पंजा शेजाऱ्यांचा होता.

मग भूल देऊन एमआरआय झाला. मानेत सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढलं. पाण्यात पांढऱ्या पेशी भरमसाट सापडल्या, जंतू मात्र एकही नाही.

"मेंदूला सूज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "रेबीजसारखं यात काही दिसत नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच मेंदूवर उलटल्यात."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा," मी म्हणालो.

"पण कशामुळे?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही. आजाराच्या नावातच 'कारण अज्ञात' आहे. अगदी खात्री करायची तर मेंदूचा तुकडा काढून बघावा लागेल, आणि तेवढ्यासाठी मी तो काढणार नाही."

ताईंना ती मुलगी त्याच क्षणी आवडली. "माझ्याकडच्या निम्म्या घड्याळांचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "फक्त मी गिऱ्हाइकाला 'तेल वाळलंय' म्हणून सांगते."

उपचार ठरले. स्टेरॉइडच्या गोळ्या रोज, आणि त्या उलटलेल्या पेशींना आवरणारं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. "गोळ्या मी सांगेन तशाच कमी करायच्या. कित्येक महिने लागतील. मनाने थांबवायच्या नाहीत," डॉक्टरांनी दोनदा बजावलं आणि सेक्रेटरींसाठी एक पत्र लिहून दिलं.

सेक्रेटरींनी पत्र चष्मा लावून वाचलं. "कारण अज्ञात? कारण अज्ञात असलेला आजार इमारतीत चालणार नाही."

"तुमच्या रागाचं कारण तरी कुणाला माहीत आहे?" ताई म्हणाल्या. "तरी तिसऱ्या मजल्यावर राहताच ना तुम्ही?"

दहा दिवसांत किल्ली सरळ चालू लागली. स्टेरॉइडमुळे ती बादलीभर पाणी प्यायची, तेवढंच बाहेर काढायची, आणि एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा चामडी पट्टा तिने नाश्त्याला खाल्ला. पण डोळ्यांत ओळख परत आली होती.

आणि इथेच ताई चुकल्या. चूक साधीसुधी नव्हती, खास कारागिराची होती. वडिलांनी त्यांना शिकवलं होतं: घड्याळ चालू लागलं की पेचकस खाली ठेवायचा, चालत्या यंत्रात बोट घालणारा स्वतःच बिघाड करतो. चाळीस वर्षं हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता. सातव्या आठवड्यात किल्ली छान चालतेय असं बघून ताईंनी पेचकस खाली ठेवला, म्हणजे गोळ्या बंद केल्या.

बाराव्या दिवशी किल्लीला फिट आली. पडल्या पडल्या चारही पाय पोहल्यासारखे हलत होते. शुद्धीवर आल्यावर ती ताईंना ओळखेना.

"गोळ्या कुणी थांबवल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

'संपल्या होत्या' असं काहीतरी मी पुढे करणार, तोच ताई म्हणाल्या, "मी. चांगली चालत होती म्हणून."

"गोळ्या होत्या म्हणून चालत होती."

"आता कळलं."

बाहेर बाकावर बसल्यावर मी, घरातले सगळे जे मनात म्हणत होते ते, तोंडाने म्हणालो. "ताई, तिला सोडवलेलं बरं, नाही का?"

"कुणाला सोडवायचं भाऊजी, तिला की तुम्हाला?"

"तिचे हाल होतायत हो."

"होतायत. माझ्यामुळे. चूक माझी आणि मरणाचं इंजेक्शन तिला? हा कुठला न्याय?" त्या उठून आत गेल्या. मीही मागे गेलो, तेवढाच व्यायाम. "डॉक्टर, पुन्हा सुरू करा. आशा किती?"

"दुसऱ्यांदा सूज आली की अवघड जातं. निम्म्याहून कमी धरा."

"धरली."

तीन दिवस किल्ली दवाखान्यात सलाइनवर होती. मग घरी आली ती उशीवरच. ताईंनी घड्याळांचं टेबल भिंतीकडे सरकवलं आणि जमिनीवर गादी टाकली. गोळ्यांचा तक्ता दारावर चिकटवला, बाहेरच्या बाजूने. चौदा सह्यावाल्यांनाही वाचता यावा म्हणून. माझी बायको म्हणाली, ताई हट्टी आहे. ताई म्हणाल्या, "आजारही हट्टी आहे. बघू कोण आधी दमतं."

अकराव्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी सह्या एकोणीस होत्या.

"ताई, शेवटचं विचारतो. किती दिवस चालणार हे?"

"ती मरेपर्यंत. नाहीतर मी. जे आधी होईल ते."

आवाज ऐकून गादीवर हालचाल झाली. किल्ली उभी राहिली. मागचे पाय लटपटत होते, मान किंचित तिरकी होती. दार उघडं दिसलं तशी ती निघाली. उजवीकडचं तिला अजून दिसत नव्हतं आणि सेक्रेटरी नेमके उजवीकडे उभे होते. ती त्यांच्या नडगीवर धडकली, मागे सरली, विचार केला, आणि पुन्हा तिथेच धडकली.

"अहो, आवरा हिला!"

"तुम्ही सरका," ताई म्हणाल्या. "ती सरकणार नाही."

सेक्रेटरी सरकले. किल्ली दाराबाहेर पडली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून खाली बघू लागली. ताईंनी चपला घातल्या. मी बाजूने उचलायला हात पुढे केला, तर ताईंनी तो चापट मारून बाजूला केला.

मग त्या दोघी एकेक पायरी खाली उतरू लागल्या.