दीड दर्शक

नानांच्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला आणि तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. "इतकी वर्षं पडद्यावर लिहिलं, शेवटी पडद्यानंच सूड उगवला," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि वहिनी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या.

नाना निवृत्त सर्व्हेअर. नोकरीत जमिनी मोजल्या, निवृत्तीनंतर चित्रपट आणि पुस्तकं मोजायला घेतली. वाचनालयाचं पत्रक दर पंधरवड्याला सभासदांना ई-मेलनं जायचं, त्यात नानांचा लेख ठरलेला. कुठे लांबी जास्त झाली, कुठे खोली कमी पडली, कुणी कुणाच्या हद्दीत घुसला, हे ते असं चोख सांगायचे की काही सभासद चित्रपट पाहून आल्यावरही आपल्याला तो आवडला की नाही हे ठरवायला लेखाची वाट बघत.

वहिनी म्हणजे नानांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात, ऑपरेटरच्या खुर्चीत गेली होती.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं, वाचन बंद, कॉम्प्युटर बंद, दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून पडून राहायचं. नानांनी सगळं कबूल केलं. लेख बंद करायचं मात्र कबूल केलं नाही. ऑपरेशनच्या आधीच दोघांनी एक चित्रपट पाहिला होता, त्यावरचं मत नानांच्या पोटात तयार होतं. परगावच्या लेकीनं फोनवरून समजावून कॉम्प्युटरवर बोलून लिहायची सोय सुरू करून दिली. नानांनी घसा खाकरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "दिग्दर्शकाने पटकथा सैल सोडली आहे."

स्क्रीनवर उमटलं : दीड दर्शकाने पट्टा सैल सोडला आहे.

वहिनींनी ते वाचून दाखवलं आणि हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. नानांना काही हसू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं, तेव्हा यंत्रानं दर्शक सव्वा केला. शेवटी वहिनींनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहिते. माझी बोटं अजून शाबूत आहेत."

बोटं खरंच शाबूत होती. ऑपरेटरच्या खुर्चीनं त्यांच्या अंगी एक सवय मुरवली होती. कानातून आलेलं बोटांतून निघून जायचं, मनात थांबायचं नाही. लोकांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. नाना पालथे पडून उशीत बोलत होते आणि वहिनींची बोटं चालत होती. लेख संपला. नानांची मान इतकी अवघडली होती की शेवटचा शब्द सांगून ते तसेच झोपी गेले.

आणि तेवढ्यात कॉम्प्युटरला अद्ययावत व्हायची हुक्की आली. निळा पडदा, गरगर फिरणारं वर्तुळ आणि 'कृपया बंद करू नका' ही विनंती. वहिनी मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. यंत्र एकदाचं शुद्धीवर आलं तेव्हा लेख होता, शेवटचा परिच्छेद मात्र गडप झाला होता. त्यांनी सगळीकडे शोधलं. मग ग्रंथपालबाईंचा फोन आला, पत्रक निघायची वेळ झाली होती, फक्त नानांचाच लेख यायचा होता.

नानांनी शेवटी काय सांगितलं, ते वहिनी आठवून पाहू लागल्या. काहीच आठवेना, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं. नानांना उठवावं तर ते नुकते कुठे डोळा लागून पडले होते. चित्रपट मात्र वहिनींना लख्ख आठवत होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या एकटेपणाची गोष्ट होती ती. त्यांनी लिहिलं : 'नायकाच्या एकटेपणाबद्दल हा चित्रपट पुष्कळ बोलतो. पण त्याची बायको सबंध चित्रपटात एकदाही बसलेली दिसत नाही. ती दमत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.' आणि लेख पाठवून दिला.

चहाच्या वेळी सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चहाच्या आधीच फोन सुरू झाले. कोपऱ्यावरचे औषधवाले म्हणाले, नाना, या वेळचा शेवट फार वेगळा झालाय. वाचनालयातून निरोप आला की लोक लेख एकमेकांना पाठवतायत. डोळ्यावर पट्टी असली तरी नानांचा उरलेला चेहरा खुलला. दुखण्यानं खचलेला माणूस कित्येक दिवसांनी उठून बसला आणि म्हणाला, "बघ, नजर गेली तरी दृष्टी शाबूत आहे." वहिनींनी सांगायचं ठेवून दिलं आणि चहा टाकायला गेल्या.

पुढच्या पंधरवड्याला पुस्तकाची पाळी होती. भलीमोठी कादंबरी, डोंगरातल्या एका खानदानाची. वहिनी वाचून दाखवायच्या, नाना ऐकायचे. मध्येच थांबून वहिनी काही म्हणायला गेल्या की नाना म्हणत, "हं, पुढे वाच." मग नानांनी मत सांगितलं. भाषा समृद्ध, निसर्गवर्णनं चित्रदर्शी, आवाका मोठा. वहिनींनी ते इमानेइतबारे उतरवलं आणि खाली एक वाक्य घातलं : 'सलग शंभर पानं पाऊस पडतो आणि घरात कुणाचेही कपडे वाळायचे राहत नाहीत, याचं मात्र नवल वाटतं.'

या वेळी कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि वाचनालयात वाचकांची बैठक भरली. वहिनींनी नानांना हाताला धरून नेलं. कादंबरीतल्या कपड्यांचा विषय निघाला तशी सगळी हसली. नानाही हसले, पण जरा उशिरा, लोक कशाला हसतायत हे न कळलेल्या माणसासारखे. मग एक निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या. सबंध नोकरी वॉर्डात उभ्यानं काढलेली बाई. त्या म्हणाल्या, "नाना, ते त्या बायकोच्या न बसण्याबद्दल वाचलं आणि मी तो चित्रपट परत जाऊन पाहिला. खरंच बसत नाही हो ती. एका पुरुषमाणसाच्या हे लक्षात आलं, याचं मला फार वाटलं."

वहिनींना वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. नानांनी त्यांच्याकडे मान वळवली. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. एवढंच म्हणाले, "आभारी आहे." आणि बसून राहिले. त्यांनी वहिनींना उघडं पाडलं नाही.

घरी जाताना रुसायचीही पंचाईत होती. जिन्याच्या पायऱ्या अजून नीट दिसत नव्हत्या, तेव्हा जिच्यावर रागवायचं तिचाच दंड धरून उतरावं लागलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कॉम्प्युटरपुढे ठाण मांडलं. थोडा वेळ स्क्रीन पाहायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. वहिनी आतल्या खोलीत इस्त्री करत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली होती, हे वहिनींना आतूनच कळलं, पण त्या गेल्या नाहीत. मग मराठी उमटेना. मग यंत्रानं आपण माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं आणि बारीक बारीक चौकोनांतून वाहतुकीचे दिवे ओळखायला लावले. "मी माणूस आहे की नाही ते बायकोला विचार," नाना यंत्राला म्हणाले. बराच वेळ एकेका कळीचा आवाज येत राहिला. मग काहीच येईना.

वहिनी इस्त्री बंद करून बाहेर आल्या. पान कोरं होतं. नाना हात मांडीवर टाकून बसले होते.

"चार ओळी लिहिल्या होत्या," ते म्हणाले. "कुठे गेल्या कोण जाणे."

वहिनींनी वाकून दोन कळा दाबल्या. ओळी परत आल्या. त्या जायला वळल्या, तेव्हा नाना म्हणाले, "बस जरा."

त्या बसल्या.

"दोन्ही वाक्यं चांगली होती," नाना म्हणाले. "राग त्याचाच आला."

वहिनींनी मग सगळं सांगितलं. निळा पडदा, हरवलेला परिच्छेद, ग्रंथपालबाईंचा फोन. "पहिल्या वेळी नाइलाज होता. दुसऱ्या वेळी मुद्दाम घातलं. खोटं कशाला बोलू? आवडलं मला तसं लिहायला."

"अगं, पण मला का नाही सांगितलंस? इतके चित्रपट बरोबर पाहिले आपण. तू कधी काही म्हणालीच नाहीस."

"म्हणत होते की. तुम्ही 'बरोबर आहे' म्हणायचात आणि आपलं पुढे सुरू करायचात. मग मी नुसतं ऐकायला लागले. पुढे पुढे तेही सुटलं. तुमचा तो शेवटचा परिच्छेद मला आठवेना, त्याचं कारण हेच."

नानांनी काळा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसत राहिले. वाक्य चोरून घातल्याचं त्यांना लागलं होतं, पण हे खोलवर लागलं. आपल्या बायकोइतका चांगला श्रोता कुणाला मिळाला नसेल, असं ते मित्रांना सांगत आले होते.

"पुढच्या अंकात तुझ्या नावानं खुलासा देतो," ते शेवटी म्हणाले.

"नको. मला छापून यायचं नाही हो. मला घरात म्हणायचं असतं."

नाव घालायचं नाही, हे नानांनी मानलं. खुलासा मात्र झालाच पाहिजे, नर्सबाईंना काय तोंड दाखवू, म्हणाले. त्यांनी सांगितलं आणि वहिनींनी लिहिलं : 'मागच्या दोन लेखांतली सर्वांना आवडलेली वाक्यं माझी नाहीत. ती आमच्या घरात राहणाऱ्या दुसऱ्या वाचकाची आहेत. माझ्या मोजणीत एक बाजू राहून गेली होती.' वहिनी या वेळी ऐकत होत्या, त्यामुळे बोटं अडखळली आणि तीन ओळींत पाच चुका झाल्या.

खुलासा वाचून औषधवाल्यांना धक्का बसला. नर्सबाईंना बसला नाही. त्या म्हणाल्या, मला शंका होतीच. दुसऱ्या वाचकानं स्वतंत्र लिहावं म्हणून आग्रह झाला, पण वहिनी बधल्या नाहीत.

घरात मात्र त्यांनी मोकळेपणानं म्हणायला सुरुवात केली. नानांना हे सोपं गेलं नाही. 'बरोबर आहे' हे शब्द जिभेवर यायचे, ते गिळताना त्यांची मान वर व्हायची. कधी कधी विसरून ते आपलं सुरूही करायचे, मग वहिनी त्यांचं संपेपर्यंत थांबायच्या आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायच्या. नानांचा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. लिहिण्याचं काम वहिनींकडेच राहिलं.

पुढे एक चित्रपट असा आला की नानांना तो भिकार वाटला आणि वहिनींना मनापासून आवडला. दोन भावांचं एक बंद पडलेलं दुकान, एवढीच गोष्ट. सकाळी चहावर सुरू झालेला वाद दुपारच्या जेवणापर्यंत पोचला, जेवण निवलं, तरी मिटेना. तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला, पत्रक अडलंय, लेख कुठे आहे?

"चित्रपट कसा आहे ते अजून ठरलेलं नाही," नाना फोनमध्ये म्हणाले. "उद्या करा." आणि फोन ठेवून वहिनींना म्हणाले, "हं. धाकट्या भावाचं तू काय म्हणत होतीस?"