पाचवीच्या आधी गेलेलं

करंजपाड्यात तीन वर्षांत एकही तान्हं मूल दगावलं नाही, असं सर्व्हे म्हणतो. सर्व्हे केला पुष्पाने, आणि पुष्पा करंजपाड्याचीच पोर.

संस्थेने मुद्दाम गावची मुलगी घेतली. बाहेरच्याशी बायका बोलत नाहीत म्हणे. खरं आहे. पण काय विचारायचं नसतं, तेही गावच्याच मुलीला ठाऊक असतं. पाचवी पुजायच्या आधी गेलेलं मूल आपल्याकडे मोजत नाहीत. त्याला नाव नसतं. त्याची गोष्ट काढली तर ते पुन्हा त्याच पोटी मरायला येतं, असं म्हातारी माणसं सांगतात. टॅबवर सवाल होता, जन्मून वारलेली मुलं किती? पुष्पाने तो एका घरातही मोठ्याने वाचला नाही. घरात पोरं किती, एवढंच विचारायची आणि खाली शून्य टाकायची. आपल्या घरीही शून्यच टाकलं. तेव्हा वहिनी, तानी, चुलीशी बसून ऐकत होती. गेल्या पावसाळ्यात तिचं गेलं होतं.

खोडाळ्याच्या बैठकीत संस्थेच्या साहेबांनी निकाल वाचला. एक नर्स कायमची मिळणार, ती सगळ्यात लांबच्या पाड्याला, पण जिथे तान्हं दगावलंय अशाच. करंजपाडा सगळ्यात लांब, पण त्याच्यापुढे शून्य. म्हणून नर्स सडकेकाठच्या गावाला.

सावळा म्हातारा मागून म्हणाला, "मुंबईपेक्षा आमचा पाडा तब्येतीचा निघाला. या सायेब, राहायलाच या."

लोक हसले. तानी हसली नाही. तिला आठवा लागला होता. मागच्या खेपेला तिला दवाखान्यात झोळीतून नेली होती आणि ती वाटेतच बाळंत झाली होती.

पुष्पा उभी राहिली. आकडा खोटा आहे, मीच घातला, म्हणाली. साहेब चिडलेसुद्धा नाहीत. दुरुस्ती आत्ताच्या आत्ता होईल, पण आईने स्वतः सांगायला हवं, म्हणाले. पाड्यातल्या कोंडी आणि राही, दोघींचीही तान्ही गेलेली, आख्ख्या पाड्याला माहीत. दोघी खाली बघत बसल्या. त्यांना अडाणी म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी त्या झोळीत निजून बघावं.

शेवटी तानी उठली. "माझा गेला," ती म्हणाली. "पोरगा होता."

साहेबांनी टॅब पुष्पाकडे सरकवला. नावाची जागा रिकामी ठेवली तर नोंद पुढे जात नव्हती.

"नाव नाय ठेवलं," तानी म्हणाली.

"मग आता ठेवा," साहेब म्हणाले. जसं काही गाडीला नंबर द्यायचा होता.

तानीने नणंदेचा हात धरला. "नको ठेवूस पुष्पा. पोटातलं ऐकतंय."

नाव आत्यानेच ठेवायचं असतं. पुष्पाने हात सोडवून घेतला आणि टाइप केलं. तोंडातून शब्द काढला नाही, तेवढं तिने पाळलं. पण साहेबांनी खात्री करायला स्क्रीन बघितली आणि सगळ्या सभेसमोर मोठ्याने वाचलं, "धनेश."

नर्स करंजपाड्याला मंजूर झाली. पुढच्याच आठवड्यात आली, समाजमंदिराच्या खोलीत तिने खाट मांडली.

तानी त्याच्या आधीच माहेरी निघून गेली होती, सूर्यमाळच्या पलीकडे. तिथे सडक नाही, नर्स नाही. पण ते नाव तिथे कुणी ऐकलेलं नाही.